‘तरीही’ हा शब्द

गेली पंचवीस-तीस वर्षे वर्गात मी एक वाक्य न चुकता उच्चारीत आलो : ‘कवी गोविंद पायांनी पांगळे होते, तरीही त्यांनी स्वातंत्र्याची गीते लिहिली.’ मुले ते वहीत उतरवून घेत. त्या ‘तरीही’त काही खटकण्यासारखे आहे हे ध्यानात आले, ते संधिवाताने माझी बोटे धरल्यावर.

नाशिकचे गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४-१९२६), म्हणजे मित्रमंडळींचे आबा, हे सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्याचे कवी. त्यांच्या कविता छापल्याबद्दल १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अखेरच्या दिवसांत आबांनी मरणाला सामोरे जात ‘सुंदर मी होणार’ ही कविता लिहिली. पु. ल. देशपांडे यांनी १९५८ साली त्याच नावाचे नाटक लिहिले. त्याची नायिका दीदीराजेही पायांनी अधू आणि कवयित्री.

ही कविता मी किती वेळा शिकवली असेल! पण देहात अडकून पडलेला माणूसच ‘सुंदर’ हा शब्द एवढ्या ओढीने उच्चारू शकतो, हे मला कळले नव्हते.

आमच्या मच्छे गावात थंडीच्या दिवसांत सकाळी बोटे अशी आखडतात की, सदऱ्याच्या गुंड्या लावायला मला पाव तास लागतो. यावर मीही कविता केली. तीत वेदना होती, अग्निदिव्य होते, नियतीही होती. सौ.ने वाचली आणि विचारले, ‘‘सगळं खरं, पण ह्यात तुमची बोटं कुठं आहेत?’’ मी कागद फाडला.

पुढे बेळगावात दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या कानडी आजीबाईंनी माझ्या हातांकडे पाहिले, मग आपली वाकडी बोटे पुढे केली आणि म्हणाल्या, ‘‘मुंजाने भाळ नोवु री.’’ सकाळी फार दुखते हो. बस्स, एवढेच. माझ्या अख्ख्या कवितेत जे नव्हते, ते या चार शब्दांत होते.

त्या रात्री मी फक्त गुंडीवर चार ओळी लिहिल्या. सौ.ने त्या वाचल्या. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती नेहमीसारखी गुंड्या लावायला धावून आली नाही. दाराशी उभी राहिली. शेवटच्या गुंडीला मी हाक मारली, तेव्हा आली.

यंदा वर्गात मी वाक्य बदलले : ‘कवी गोविंद पांगळे होते आणि कवी होते.’ एका मुलाने हात वर केला, ‘‘सर, गाइडात ‘तरीही’ आहे. परीक्षेत काय लिहायचं?’’

म्हटले, ‘‘बाळा, ‘आणि’ लिही. गुण मी देतो.’’