कव्हर घासण्याआधी

चि. मुक्ता,

येझदी मोटारसायकलचे फोटो पाहिले. इंजिनाची कव्हरं बफिंगला देऊ का, म्हणतेस. अजिबात देऊ नकोस. बफिंगच्या चाकावर दोन मिनिटांत लखलखाट होतो खरा, पण कडा बोथट होतात आणि ओतीव अक्षरं बुजतात. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद पडला, मूळ कव्हर पुन्हा कुठून आणशील?

आधी लोहचुंबक लावून बघ. चिकटला नाही तर अॅल्युमिनियम. तिथे खुशाल घास. सायलेन्सर, हँडल, रिम यांना मात्र पॉलिश पेपर दाखवूही नकोस. शोभेच्या क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. घासलास की खालचा निकेल पिवळट दिसायला लागतो. गंजाला अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरव. तांबूसपणा जाईल, खड्डे राहतील. राहू देत. नवं क्रोम चढवणं हे घरचं काम नव्हे, त्यातली रसायनं फार वाईट.

कव्हरं उतरवूनच घे. डावीकडचं काढताना आधी ऑइल सोड. उजव्याखाली इग्निशनचे पॉइंट असतात, तिथे पाण्याचा थेंब नको. वंगण रॉकेलने काढ. कॉस्टिक सोड्याने नको, तो अॅल्युमिनियमच खातो. मग पाण्यातला पेपर: 320, 600, 1000, शेवटी 2000. एक आडवा, पुढचा उभा. उभं घासून आडवा एकूण एक चरा दिसेनासा होत नाही, तोवर पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. दिव्याखाली कव्हर तिरकं धरलंस की लपलेला चरा केसासारखा उठून दिसतो. प्रत्येक नंबरला पाणी बदल, जाड पेपरचा एक कण पुरतो सगळं बिघडवायला.

शेवटी मेटल पॉलिश. फडकं काळं होईल, आणि होतच राहील. तो मळ नव्हे, कव्हरचाच धातू निघतोय. फडकं स्वच्छ निघायची वाट बघणारे लोक कव्हर झिजवत बसतात. आरशासारखं करायच्या नादी लागू नकोस. ही गाडी कारखान्यातून आली तेव्हाही तशी नव्हती, असं माझं मत. किकचा दांडा तर तसाच ठेव. या येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर, सारखा पाय घासणार.

बसवताना गॅस्केट नवं घाल. ताईला नमस्कार सांग, आणि रॉकेलसाठी तिच्या स्वयंपाकघरातलं पातेलं उचलू नकोस.

तुझा,
मामा