एका वेळी एक कप

एस्प्रेसोचं छोटं घरगुती यंत्र विकणारा माणूस सर्वांत आधी त्याची रुंदी सांगतो. आमच्याकडचं जेमतेम १५ सेंटिमीटर रुंद आहे आणि दुकानात बघताना वाटतं, हे काय, कुठल्याही कोपऱ्यात बसेल. कोथरूडच्या आमच्या ओट्यावर मात्र ते १५ सेंटिमीटरवर थांबलं नाही. त्याच्यामागोमाग ग्राइंडर आला, कॉफी दाबायचा टँपर आला, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आला. चोथा झटकायला स्टीलचा डबा लागला, वाफेची नळी पुसायला वेगळं फडकं लागलं. पाण्याची टाकी मागून वर उचलून काढायची असल्यामुळे यंत्र कपाटाखाली सरकवताही येत नाही. परातीची जागा गेली ती गेलीच. ती आता फ्रिजवर असते आणि भाकरी करायच्या दिवशी हा विषय सासूबाई न चुकता काढतात.

विजेचंही एक आहे. यंत्र १३०० वॉट खेचतं, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या प्लगच्या अगदी काठावर. आमच्या इलेक्ट्रिशियनने मिक्सरच्या प्लगला हात लावू दिला नाही, मायक्रोवेव्हचा पॉवर पॉइंट दाखवला. त्यामुळे सकाळी एक तर कॉफी होते, नाही तर मायक्रोवेव्ह चालतो.

खोक्यावर '१५ बार' असं ठळक छापलेलं असतं. त्या आकड्याला भुलायचं कारण नाही. तो पंपाची कमाल ताकद सांगतो. एस्प्रेसोला लागतो साधारण ९ बारचा दाब. इटलीत प्रमाणित एस्प्रेसोचं मापच ठरलेलं आहे: ७ ग्रॅम कॉफी, ९ बार, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर. ९ बार ऐकायला काही वाटत नाही. पण कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारनेच जास्त असतो. त्याच्या नऊपट जोराने पाणी मूठभर कॉफीतून ढकललं जातंय, हे कळल्यावर मी त्या चिंचोळ्या डब्याकडे जरा आदराने बघायला लागले. नुसत्या वाफेने हे जमत नाही. मिलानच्या अकिले गाज्जियाने १९३८ मध्ये वाफेला फाटा देणाऱ्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि युद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, त्याची दांडा ओढायची यंत्रं कॅफेत दिसू लागली. कपावरचा तो पिंगट फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, तो तेव्हापासूनचा. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दांडा ओढायचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. आमच्या यंत्रात तर विद्युतचुंबकावर पुढेमागे हलणारा बोटाएवढा दट्ट्या आहे. त्याची घरघर सकाळी साडेसहाला शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाते, असं शेजारच्या काकूंनीच एकदा लिफ्टमध्ये हसत हसत सांगितलं.

यंत्राबरोबर दोन प्रकारच्या चाळण्या येतात आणि सगळी मेख तिथे आहे. एका चाळणीला दुहेरी तळ असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं एकच भोक. तिच्यात दुकानातली तयार पूड घाला, कशीही दळलेली असो, भरपूर फेस येतो. तो फेस त्या भोकाची करामत आहे, कॉफीची नव्हे. दुसरी चाळणी साधी, तळभर बारीक भोकं असलेली. ती काहीच झाकून घेत नाही. पूड जरा जाड असली तर पाणी दहा सेकंदांत सुळकन निघून जातं आणि कपात आंबट पाणी उरतं. फार बारीक झाली तर पंप नुसता कण्हतो आणि थेंब थेंब कडू जहर पडतं. मिक्सरमध्ये दळून इथे निभाव लागत नाही, कारण मिक्सरचं पातं बी फोडतं, सारखं दळत नाही. म्हणून मी हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला. मिनिटभर दळलं की १५ ग्रॅम निघतात. यंत्राला २५ हजार मोजताना घरात जी चर्चा झाली, ती ग्राइंडरच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून झाली. खरं सांगायचं तर कपातल्या चवीत यंत्रापेक्षा त्या ग्राइंडरचाच वाटा मोठा आहे.

जमलं की मात्र बघत राहावं. चाळणी बसवलेल्या यंत्राच्या दांड्यात पूड सपाट करायची, टँपरने सरळ दाबायची, दांडा फिरवून घट्ट बसवायचा. पहिले सहा-सात सेकंद पंपाचा आवाज तेवढा, खाली काहीच नाही. मग दोन्ही तोट्यांच्या टोकाशी काळेभोर थेंब जमतात, लोंबतात आणि त्यांची धार होते. धार आधी काळपट, मग तांबूस आणि हळूहळू फिकट. फिकट पडायला लागली की लगेच बंद करायचं, काट्यावर साधारण ३० ग्रॅम झालेले असतात. दांडा झटकला की चोथ्याची अख्खी वडी डब्यात पडते. पावसाळ्यात हे गणित थोडं हलतं. जुलैत तीच कॉफी, तोच ग्राइंडर, पण धारेचा वेग वेगळा. मग ग्राइंडरची चकती एक-दोन घरं इकडेतिकडे करावी लागते.

सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, खरा आक्षेप दुधावर होता. वाफेने फेस काढायचा तर दूध फ्रिजमधलं गार हवं आणि पिशवी फोडून तसंच वापरलेलं उत्तम. "कच्चं दूध?" आईंनी विचारलं. पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं हे त्यांनी ऐकून घेतलं, मानलं नाही. त्यांच्यासाठी मग तापवून गार केलेलं दूध गाळून घेते. गाळायचं अशासाठी, की सायीचा एवढासा तुकडा नळीच्या भोकात अडकला तर सुई घेऊन बसावं लागतं. म्हशीच्या दुधाचा फेस जड होतो. गाईच्या दुधाचा बारीक, चमकदार येतो. जगचा तळ हाताला सोसेनासा झाला की वाफ बंद, म्हणजे दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत पोचलेलं असतं. त्यानंतर पहिल्या क्षणी नळी ओल्या फडक्याने पुसायची आणि एकदा नुसती वाफ सोडायची. फोन आला म्हणून हे काम मागे टाकलं, की दूध नळीवर असं वाळतं की खरवडावं लागतं.

पहिला कॅपुचिनो आईंनी हातात घेतला, वास घेतला आणि मसाल्याच्या डब्यातून जायफळ काढून किसणीवर दोनदा फिरवलं. लग्नघरात पहाटे मिळते ती कॉफी जायफळाशिवाय त्यांनी कधी प्यायलेलीच नाही. मी मुद्दाम त्यांच्या कपातून घोट घेतला. फेसावर जायफळ फार छान लागतं, आणि हे मी कुठल्याही कॉफीतज्ज्ञासमोर म्हणायला तयार आहे.

पाण्याने आम्हाला खरा हात दाखवला. एरवी खडकवासल्याचं पाणी चांगलं मऊ असतं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की बोअरचं जड पाणी येतं आणि किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. यंत्राच्या आत तोच थर पाणी तापवणाऱ्या बारीक वाटांत धरतो, फक्त दिसत नाही. दिवा लुकलुकून क्षार काढायची आठवण करून देतो. एका मे महिन्यात दिवा लुकलुकायच्या आतच धार बंद पडली. सर्व्हिस सेंटरने यंत्र ठेवून घेतलं आणि बऱ्याच दिवसांनी कळवलं की आतला सगळा भाग बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून यजमानांनी यंत्र परत आणलं आणि मिक्सर-गीझर दुरुस्त करणाऱ्या आमच्या नेहमीच्या माणसापुढे ठेवलं. असं यंत्र त्याने आधी पाहिलं नव्हतं. स्क्रू काढून, आत बॅटरी मारून तो म्हणाला, "एक गीझर, एक पंप, दोन वॉल. बाकी सगळं डेकोरेशन." एका वॉलमध्ये खडूसारखा खडा अडकला होता. तो काढला, लिंबूसत्वाचं कोमट पाणी आतून फिरवलं आणि पंप पुन्हा कामाला लागला. लिंबूसत्व किराणा दुकानात काही रुपयांत मिळतं. यंत्रासाठी म्हणून विकतात त्या बाटलीला भलतेच पैसे पडतात. हल्ली टाकीत निम्मं आरओचं आणि निम्मं नळाचं पाणी घालते. नुसत्या आरओच्या पाण्याची कॉफी मला मचूळ लागते. दांडा जिथे बसतो तिथला रबरी वॉशर मात्र कडक झालाय, कडेने पाणी झिरपतं. कुकरचा वॉशर तिथे बसत नाही, हे त्या माणसाने करून पाहिलं.

बिया बहुतेक कर्नाटकातल्या, चिकमगळूरकडच्या. देशातली बरीचशी कॉफी कर्नाटकातच पिकते आणि भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक अनेक वर्षं इटली आहे. तिथल्या मिश्रणांना फेस आणि जोर देणाऱ्या रोबस्टा जातीच्या कॉफीत आपला रोबस्टा असतो. म्हणून 'शंभर टक्के अरेबिका' लिहिलेल्या पाकिटाच्या मी मागे लागत नाही. थोडा रोबस्टा मिसळलेली कॉफी या छोट्या यंत्राला जास्त मानवते, दुधातही टिकते. माझं माहेर अमरावतीचं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आमच्या चिखलदऱ्याला, आणि ती या यंत्रात करून बघायची हौस होती. भावाने पाकीट पाठवलं, पण ती दळलेली पूड निघाली, पातेल्यात उकळायच्या बेताची. साध्या चाळणीतून ती धडपणे उतरली नाही. दुहेरी तळाच्या चाळणीने सांभाळून घेतलं. चव ठीक होती. मला ती आवडली, पण मी पडले अमरावतीची.

यजमानांचा हिशेब असा: पाव किलो बियांना ५०० रुपये, त्यात १६ कप, म्हणजे दुधाशिवाय कप ३१ रुपयांना पडतो, बाहेर त्याचे २०० होतात. या हिशेबात यंत्र, ग्राइंडर आणि वॉशर धरलेले नाहीत. ते धरावेत असं मीही सुचवत नाही.

खरी गोची होते पाहुणे आले की. आपल्याकडे माणसं वाढली तर आधणात दोन कप पाणी वाढतं, संपलं. हे यंत्र माणसं मोजतं. एक कप काढा, चोथा झटका, दांडा धुवा, पुन्हा दळा, पुन्हा दाबा. त्यात दुधाला वाफ द्यायची तर आतलं पाणी फार तापतं. लगेच कॉफी काढायला गेलं तर यंत्र दिवे लुकलुकवून नकार देतं, थोडं गरम पाणी वाया घालवून त्याला गार करावं लागतं. सहा माणसं असली तर सहाव्याचा कप येईपर्यंत पहिल्याची निघायची वेळ होते आणि मी सगळा वेळ स्वयंपाकघरात. नणंद एकदा म्हणालीही, "वहिनी, तुला भेटायला आलो होतो."

यावरचा तोडगा आईंचा. त्या म्हणाल्या, दुधाचं माझ्याकडे दे. मी बाकी काही न करता एकापाठोपाठ दुहेरी कप काढायचे आणि किटलीत ओतत जायचे. वाफेचं बटण दाबायचंच नाही, म्हणजे यंत्र तापत नाही आणि अडूनही बसत नाही. पलीकडे गॅसवर पातेल्यात दूध, साखर, जायफळ. दोन्ही तयार झालं की एकत्र करायचं. एस्प्रेसोचा असा वापर इटलीत कुणाला चालेल असं वाटत नाही, पण आठ माणसांची कॉफी पंधरा मिनिटांत बाहेर येते आणि मलाही बसायला मिळतं. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला पहिल्यांदा ती केली. नणंदेने अर्धा कप संपवला आणि विचारलं, "वहिनी, काय मस्त झालीय! पावडर कुठली वापरतेस?"

"पंचवीस हजारांची," आई म्हणाल्या.