डेल्फ्टचे दारूकोठार

हॉलंड देशातील डेल्फ्ट हे शहर निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या मातीच्या भांड्यांबद्दल जगभर प्रसिद्ध आहे. शहर लहान, कालव्यांनी विणलेले. जुन्या चर्चचा मनोरा एका अंगाला इतका कललेला, की नवखा माणूस त्याच्या सावलीतून चालताना पाऊल उचलूनच टाकतो. रोमच्या यात्रेनंतर एका डच धर्मगुरूंच्या आग्रहावरून आम्ही तेथे दोन दिवस मुक्काम केला. भांडी पाहिली, कालवे पाहिले, बुर्गवाल रस्त्यावरील मारिया व्हान येस्से चर्चमध्ये मिस्साही अर्पण केली. परंतु आमचे मन अडकून राहिले ते एका मोकळ्या जागेत. त्या जागेविषयी चार शब्द लिहावे असे वाटते, कारण तिचा संबंध आपल्या गावोगावच्या फेस्ताशीही पोहोचतो.

जागेचे नाव पार्डेनमार्क्ट, म्हणजे घोडेबाजार. डेल्फ्टमध्ये घराला घर खेटून उभे असते. अशा दाटीत शहराच्या ईशान्य भागी हे ऐसपैस पटांगण कसे राहिले, असे आम्ही आमच्या यजमानांस विचारले. ते म्हणाले, "फादर, ते राहिलेले नाही, ते एका सकाळी झाले."

1572 पूर्वी येथे संत क्लारेच्या धर्मभगिनींचा मठ होता. त्या वर्षी स्पेनच्या राजाविरुद्धच्या बंडात शहर बंडखोरांच्या हाती गेले व मठ रिकामे झाले. रिकाम्या मठांचे जे होते तेच येथेही झाले. संत अगाथेच्या मठात बंडाचा पुढारी ऑरेंजचा विल्यम राहावयास आला व तेथेच 10 जुलै 1584 रोजी गोळी लागून मेला. क्लारेच्या भगिनींच्या बागेत दारू भरण्यात आली. (दारू म्हणजे येथे बंदुकीची दारू, वाचकांनी दुसरा अर्थ घेऊ नये.) युद्ध 1648 च्या तहाने संपले. दारू मात्र जागच्या जागीच राहिली. कोठाराचा काही भाग जमिनीखाली होता व लोक त्याला 'हॉलंडचे गुपित' म्हणत. नाव साजेसेच होते, कारण शेजारच्या घरांतून स्वयंपाक होत होता, मुले खेळत होती आणि भिंतीपलीकडे सुमारे 90,000 पौंड दारू पडून होती.

12 ऑक्टोबर 1654, सोमवार. सकाळी कोठाराचा रखवालदार कोर्नेलिस सूटेन्स परीक्षेसाठी दारूचा नमुना काढावयास कंदील घेऊन आत गेला. पुढे नेमके काय घडले ते सांगावयास कोणी उरले नाही. थोड्याच वेळात शहराचा तो भाग नाहीसा झाला. दोन्ही मोठ्या चर्चच्या काचा फुटल्या, शेकडो घरे पडली, आवाज दूर उत्तरेकडील टेक्सेल बेटापर्यंत ऐकू गेला. मृतांचा निश्चित आकडा कधीच लागला नाही. शंभराहून अधिक माणसे गेली एवढे खरे. अनेक नागरिक त्या दिवशी शेजारच्या गावांच्या बाजाराला व जत्रेला गेले होते म्हणून वाचले. कारेल फाब्रित्सियुस हा 32 वर्षांचा चित्रकार घरी बसून जुन्या चर्चची सेवा केलेल्या सिमॉन डेकर नावाच्या गृहस्थाचे चित्र काढीत होता. चित्रकार, समोर बसलेला वृद्ध, घरातील माणसे, सारी ढिगाऱ्याखाली गेली. त्याच वर्षी त्याने काढलेले साखळीने बांधलेल्या लहानशा पक्ष्याचे चित्र हेग शहरात जपलेले आहे. एखबर्ट व्हान डेर पूल नावाच्या दुसऱ्या एका चित्रकाराने उद्ध्वस्त डेल्फ्टचे तेच दृश्य पुन्हा पुन्हा रंगविले.

घोडेबाजार त्या उजाड जागेवर वसला.

एवढी दारू जमिनीत, वस्तीमध्ये का ठेवावी, हे समजण्यास दारूचा स्वभाव समजला पाहिजे. तिच्या शंभर भागांत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा व 10 भाग गंधक असतो. सोरा हा कोळशाला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवितो. म्हणून एकदा पेटलेली दारू माती टाकून गुदमरत नाही. मोकळ्यावर चिमूटभर दारू फुस्स करून जळते. तीच मोठ्या प्रमाणात किंवा बंदिस्त भांड्यात पेटली की भांडे फोडते, घर फोडते. लोखंडी पेटीला मजबूत कुलूप घालून दारू ठेवणारा मनुष्य स्वतःला सावध समजतो, परंतु त्याने केलेला असतो तो मोठा तोफगोळा.

तिचा दुसरा शत्रू ओल. शुद्ध सोरा हवेतील ओल फारशी घेत नाही. त्यात मिठाचा अंश राहिला असेल तर मात्र तो पाणी ओढतो, कोळसाही ओढतो. मग दाणे चिकटून ढेकळे होतात, सोरा विरघळून दाण्यांच्या बाहेर पांढऱ्या पापुद्र्यासारखा येतो व तिन्ही पदार्थांचे मिश्रण बिघडते. पुन्हा वाळविली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. परंतु पेटत नाही असेही नाही. हीच तिची मोठी फसवणूक. बार उडविणाऱ्याच्या दृष्टीने ती वाया गेलेली, आणि ठिणगीच्या दृष्टीने अजून चांगली असते.

म्हणून जुन्या कोठारवाल्यांना एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी साधाव्या लागत. आग बाहेर ठेवावयास जाड भिंती व बंद दारे हवीत, तर ओल घालवावयास वारा हवा. पुढच्या काळातील चांगल्या कोठारांच्या भिंतींत हवेचे मार्ग असत, पण ते सरळ नसून वळणाचे. वारा वळून आत येतो, ठिणगी वळत नाही. जमीन लाकडाची व उचललेली. पिंपांचे पट्टे लाकडाचे किंवा तांब्याचे, कारण लोखंड लोखंडावर घासले की ठिणगी पडते. दिवा आत न नेता काचेपलीकडे ठेवीत. डेल्फ्टच्या कोठारात मनुष्य कंदील घेऊन शिरला, एवढ्यावरून तेथील शिस्तीची कल्पना येते.

येथे आम्हाला आपल्याकडील एका पुस्तकाची आठवण झाली. रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र 1715 च्या सुमाराचे आहे. त्यात किल्ल्यांविषयी लिहिताना पंतांनी दारूखान्यालाही जागा दिली आहे. दारूखाना घरांजवळ नसावा, घरांच्या वाऱ्याखाली नसावा. त्याचे तळघर गच्ची करावे, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, सर्दी पोहोचू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावे व मोहोर करून परत ठेवावी. राखणीस नेहमी माणसे असावीत. पश्चिम घाटाच्या पावसात किल्ले सांभाळलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. डेल्फ्टच्या नगरपित्यांना त्यांतील पहिलेच कलम माहीत असते तर! हॉलंडच्या व्यापारी कंपनीची जहाजे त्या शतकात बिहारकडील सोरा भरभरून नेत असत. आपल्या मातीतील सोऱ्याबरोबर आपल्याकडचे थोडे शहाणपणही त्यांना नेता आले असते.

दुसऱ्या दिवशी यजमानांबरोबर आम्ही शहराच्या दक्षिणेस पायी निघालो. दुर्घटनेनंतर बांधलेले नवे कोठार तिकडे आहे. वाटेत त्यांनी सहज विचारले, "तुमच्याकडे अजून कोणी असली दारू वापरतो का, फादर?" आम्ही त्यांना उखळीच्या बारांविषयी सांगितले. नोव्हेना संपते, फेस्ताची पहाट उजाडते, चर्चच्या आवारात उखळ्या ठासून बार काढतात. तो दणका ऐकल्यावाचून म्हाताऱ्या माणसांना फेस्त आले असे वाटतच नाही. ते हसले. मग म्हणाले, "आणि उरलेली दारू कोठे ठेवता?"

प्रश्न साधा होता. काही गावी ज्याचे काम तोच ती आणतो व घेऊन जातो. परंतु काही ठिकाणी ती घंटाघराखालच्या खोलीत, मेणबत्त्यांच्या खोक्यांशेजारी पडलेली असते, किंवा एखाद्या फेस्तकऱ्याच्या माळ्यावर. पावसाळ्यात ती सर्दते. मग कोणी ओसरीवर सुपात पसरतो, आणि ऊन नसले तर चुलीच्या उबेला ठेवतो. हे सांगताना आमचाच आवाज खाली आला.

यजमान काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी रोड्स बेटाची हकीकत सांगितली. तेथे संत योहानाच्या सरदारांनी बांधलेले, पुढे तुर्कांनी मशीद केलेले जुने चर्च होते. त्याच्या परिसरातील तळघरांत दारू होती. 1856 च्या नोव्हेंबरात वीज पडली आणि ती पेटून चर्च व आसपासची वस्ती नष्ट झाली. गंमत म्हणजे तोफवाल्यांची व दारूखान्यांची आश्रयदाती संत बार्बारा हिला विजेपासूनच्या रक्षणासाठी हाक मारण्याची परंपरा आहे. फ्रेंच व स्पॅनिश जहाजांवर दारूच्या खोलीला तिचेच नाव देत. 1969 साली तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढण्यात आला, तरी 4 डिसेंबरला खाणकामगार व तोफवाले तिला विसरत नाहीत. भक्ती असावी, पण भक्तीच्या भरवशावर दारू घंटेखाली ठेवावी असे त्या संतेलाही वाटणार नाही.

दूरचे उदाहरण नको असेल तर जवळचे आहे. केरळात कोल्लमजवळ परवूर येथील पुट्टिंगल देवळाच्या उत्सवात 10 एप्रिल 2016 रोजी साठविलेल्या आतषबाजीला आग लागली व शंभराहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. तीही माणसे आपल्यासारखीच देवाच्या उत्सवाला जमली होती. 1884 चा स्फोटक पदार्थांचा कायदा व 2008 चे नियम यांप्रमाणे दारू करणे, विकणे, बाळगणे याला परवाना लागतो. आम्हाला बार बंद करावयाचे नाहीत, आम्हालाही तो दणका आवडतो. परंतु परवानेवाल्याने त्या दिवसापुरती दारू आणावी, उरलेली त्याच दिवशी त्यानेच परत न्यावी. आणि सर्दलेली दारू कोणी वाळवू नये. चर्चच्या खोलीत किंवा कोणाच्या घरी जुनी दारू आढळली, तर हात न लावता पोलिसांस कळवावे. फेस्तकऱ्यांपैकी कोणास हे कठोर वाटल्यास त्यांनी खुशाल आमच्याशी येऊन वाद घालावा.

बोलत बोलत आम्ही स्खी कालव्याच्या काठी नव्या कोठाराशी पोहोचलो. पीटर पोस्ट नावाच्या वास्तुविशारदाने ते 1660 साली बांधले. शहरापासून तोफेच्या पल्ल्याइतके दूर, चारी बाजूंनी पाणी, आणि दारू होडीतून येण्याची सोय. आतही दारूच्या दोन जागा एकमेकींपासून वेगळ्या, मध्ये पाणी. पाण्यात दारू ठेवणे हे प्रथम विचित्र वाटते. परंतु डेल्फ्टकरांनी हिशेब केला असावा, की ओलीने दारू जाईल, माणसे जाणार नाहीत.

आता शहर वाढत वाढत तोफेचा पल्ला ओलांडून पुढे गेले आहे. जवळून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला कोठाराचेच नाव आहे व विद्यापीठाचे विद्यार्थी त्यावरून सायकली हाकीत असतात. कोठार बालवीरांच्या पथकांकडे आहे. आम्ही कमानीशी उभे असता पाऊस आला, तेव्हा एका मुलाने आम्हाला आत बोलाविले. येथे पूर्वी काय ठेवीत असत ते तुला माहीत आहे का, असे यजमानांनी त्याला विचारले. त्याला माहीत होते. "आता आम्ही तंबू ठेवतो," तो म्हणाला, "आणि तेसुद्धा इथे वाळता वाळत नाहीत."