कुट्टनाडची बदकांची अंडी

केरळच्या सहलीला निघालात की यादीत आलेप्पीची हाऊसबोट असतेच. तिचे भाडे ऐकून आमच्यासारखे तुमचेही डोळे पांढरे झाले, तर खुशाल सरकारी प्रवासी बोटीत बसा. थोडक्या पैशांत तेच पाणी, तेच माड, आणि शिवाय बाजारहाट करून घरी निघालेल्या बायकांची सोबत!

आलेप्पीच्या आसपासचा हा कुट्टनाड समुद्रसपाटीपेक्षाही खोल आहे. बोट कालव्यातून जाते आणि भाताची शेते बांधापलीकडे चक्क खाली दिसतात. मार्च-एप्रिलात कापणी झाली की या शेतांत बदके सोडतात. शेकडो बदके, आणि त्यांच्यामागे चिंचोळ्या होडीत लांब काठी घेतलेला एकच माणूस. सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे असे सगळे ती फस्त करतात. मालकाचा खाद्याचा खर्च वाचतो, शेताला खत मिळते.

ही बदके इथल्याच जातीची. काळपट ती ‘चारा’, तपकिरी ती ‘चेंबल्ली’. अंडी जास्त हवीत तर ‘खाकी कॅम्पबेल’ आहेच. इंग्लंडातल्या ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी १९०० च्या सुमारास ती जात तयार केली. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते म्हणे! पण चिखलात, उन्हात दिवसभर वणवण करून पोट भरायचे तर आपली गावठीच बरी, असे आम्ही उतरलो त्या घरच्या चेचींचे मत. (चेची म्हणजे आपल्याकडची ताई.) त्यांचा कॉलेजातला मुलगा आमचा दुभाषा होता.

चेचींचा व्यवहार मला फार आवडला. बदके पहाटे अंडी घालतात, म्हणून आठ वाजेपर्यंत त्यांना कोंडूनच ठेवायचे. नाहीतर अंडी पाण्यात! मग निवड. चांगल्या माद्यांची, नीट आकाराची अंडी पिलांसाठी बाजूला. कळपात नर स्वजातीचेच. उरलेली सगळी खायला विकायची. खाणाऱ्याला नर कुठल्या जातीचा याच्याशी काय कर्तव्य? नर नसला तरी बदक अंडी घालतेच. पण पुढचा कळप त्यातूनच उभा राहायचा असतो ना! ही बदके सहसा उबवायला बसत नाहीत, म्हणून घरगुती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. पिलू यायला अठ्ठावीस दिवस.

माखलेले अंडे चेची धूत नाहीत, कोरड्या फडक्याने पुसतात. धुतले की कवचाच्या छिद्रांतून घाण आत शिरते. भाव कोंबडीच्या अंड्याहून दोन-चार रुपये चढाच, पण वजनही पासष्ट-सत्तर ग्रॅम, आणि बलक कसा केशरी! तुम्ही म्हणाल, वास येत असेल. कांद्या-मिरीच्या मसाल्यात परतलेले अंडे अप्पमबरोबर खाऊन पाहा आणि मग सांगा. मात्र पूर्ण शिजवायचे. अर्धे कच्चे मुलांना मुळीच देऊ नका.

नाताळ आणि ईस्टरला इथल्या ख्रिस्ती घरांत बदकाचे कालवण हवेच. तेव्हा व्यापारी दारात रोख पैसे घेऊन उभा राहतो. अंडी देणारी मादी विकायची की राखायची, हा पेच दर वर्षीचा. घरातले पुरुष एकरकमी पैशाकडे बघतात आणि चेची रोजच्या अंड्यांकडे. मला तर चेचींचेच पटले. किराणा काय वर्षातून दोनदाच भरायचा असतो?

पण राखलेलेही हाती राहीलच असे नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, इथे बर्ड फ्लू आला. त्यानंतरही तो येतच राहिला. २०२४ च्या एप्रिलात पुन्हा. रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरे मारून टाकतात, साठवलेली अंडीसुद्धा. सरकार पाखरामागे भरपाई देते. पण नवी पिले आणल्यावर पहिले अंडे दिसायला पाचेक महिने लागतात. “तोवर खाद्य रोज लागते आणि टोपली रिकामी,” चेची म्हणाल्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांची नवी पिले चार महिन्यांची झाली होती.