गढूळ पाण्यातला फोटो

सुरतेहून हजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की इच्छापोर येतं, आणि बरंच पुढे गेलं की तापीचं मुख. तिथलं पाणी म्हणजे दूध घातलेला चहा! खंभातच्या आखाताच्या वरच्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी रोज दोनदा चढतं-उतरतं, तर गाळाला खाली बसायला उसंत मिळणार कधी?

अशा पाण्यात साधा कॅमेरा आंधळा. म्हणून मग आवाजाने बघायचं. साइड-स्कॅन सोनार हे बोटीमागून ओढत न्यायचं यंत्र. ते दोन्ही बाजूंना ध्वनी सोडतं. कठीण तळाकडून मोठा प्रतिध्वनी येतो, मऊ चिखलाकडून क्षीण. त्यावरून चित्र तयार होतं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेला याच आखातातल्या अशा चित्रांत चौकोनी आकृत्या दिसल्या आणि २००१ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी बुडालेल्या नगराची बातमी दिली. पुरातत्त्वज्ञांनी शंका काढल्या. तळ खरवडून वर आणलेली वस्तू नेमकी कुठल्या थरातली, हे कोण सांगणार? असो. नगराची चर्चा भरपूर झाली, पण त्या चिखलात आज जिवंत काय आहे, हे त्या बातम्यांत मला कुठे सापडलं नाही.

चिखलात पुरलेले बारीक जीव सोनारला दिसत नाहीत. त्यासाठी जबड्यासारखा ग्रॅब टाकून चिखल वर काढतात, ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात आणि उरलेले कृमी-शिंपले मोजत बसतात. पण यावर एक युक्ती आहे, मला भारी आवडलेली. १९७०च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड ऱ्होड्स यांनी ती पुढे आणली. पाचरीच्या आकाराची पेटी, तिला काचेची खिडकी, आत स्वच्छ पाणी नि आरसा, वर कॅमेरा. पाचर चिखलात घुसते आणि काचेला टेकलेल्या चिखलाचा उभा छेद टिपते. बाहेरचं पाणी कितीही गढूळ असो! बेबिंक कापल्यावर थर दिसावेत तसा वरचा प्राणवायू पोचलेला तांबूस थर, खालचा काळपट, मध्ये कृम्यांची बिळं.

आमच्याकडे कॅमेऱ्याचं भाग्य पोवळ्यांना. पाऊस सरून पाणी निवळलं की ग्रँड आयलंडला पाणबुडे उतरतात. डिसेंबर २०१९मध्ये ‘सिंधु साधना’ जहाज विजयदुर्गासमोरच्या आंग्रिया बँकेवर गेलं, तेही पोवळ्यांसाठीच. ती दिसतातही देखणी, तक्रार नाही.

पण झुआरीतल्या चिखलीच्या मेंद्यो? जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्यांचे शिंपले बसवत, त्या. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. नदीत मरीनाचे प्रस्ताव आले तेव्हा गावकऱ्यांनी याच मेंद्योंचा दाखला दिला होता. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर दोना पावलाला, म्हणजे नदीच्या पलीकडेच. ती काचेची पाचर चिखलीच्या चिखलात उतरलेली मला बघायची आहे.