हिरड्याचा हंगाम

२ मे, रतनवाडी

रतनगडाच्या पायथ्याला बाळहिरड्याची, म्हणजे कोवळ्या हिरड्याची, तोडणी भरात आहे. सकाळी एका महादेव कोळी कुटुंबाबरोबर रानात गेलो. थोरला पोरगा झाडावर, आजी आणि सून खाली वेचायला. जाड फांदीवर पाय रोवून तो आकडीनं डहाळी ओढतो, फळं हातानं तोडतो नि डहाळी अलगद सोडतो. मधेच कडकन आवाज आला. आजी खालून ओरडली, "अरं, मोडू नको! दोन सालं तिथं फळ धरायचं नाही." ही झाडं तिच्या सासऱ्यानं राखलेली.

आज राघोजी भांगरे यांचा स्मृतिदिन. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलं म्हणून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. दुपारच्या भाकरीला त्यांचा विषय निघाला आणि तिथून बोलणं थेट हिरड्याच्या भावावर आलं.

६ मे

अंगणभर हिरडा पसरलाय. चार उन्हं खाल्ली की हिरवी फळं काळी पडतात, सुरकुततात, मुठीत खडखडतात. वजन निम्म्याहून खाली येतं. संध्याकाळी आभाळ भरून आलं तशी सगळ्या घराची धावपळ झाली, कारण भिजलेल्या हिरड्याला बुरशी धरते.

हा बाळहिरडा औषधाला जातो. झाडावर राहिलेलं फळ हिवाळ्यात पिकतं, ते कातडी कमावायला नि रंगाला. खरेदीसाठी आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून आहे. पण कुठल्याही साली खरेदी लांबली आणि घरात बी-बियाण्याला पैसा नसला, तर माल पडेल भावात व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. मग तूट भरून काढायला फळ नीट भरायच्या आतच झाड झोडपलं जातं. आदिवासी निसर्ग जपतात असं म्हणून आपण मोकळे होतो. त्या जपण्याला वेळेवर रोख पैसा लागतो, हे मला आज या अंगणात नीट कळलं.

२९ मे, भंडारदरा

काजवे आलेत. हिरडा, बेहडा, सादडा, सगळी झाडं लुकलुकतायत. तंबू आणि जेवणावर गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण गाड्यांचे दिवे थेट झाडांवर पडतात. काजवे उजेडाच्या खुणेनं जोडीदार शोधतात आणि ओलसर मातीत अंडी घालतात. त्याच मातीवर चाकं फिरतायत. वाटाडी पोरं हात जोडून दिवे विझवायला सांगत होती. काहींनी विझवले.

१३ जून, रतनवाडी

पहिल्या पावसानं चाईचे वेल फुटलेत. सून भाजीला कोवळे शेंडे तेवढे खुडते. कंद जमिनीत राहतो, पुढच्या पावसात पुन्हा फुटायला. कुर्डू, भारंगीलाही आठवड्याभरात कोंब येतील. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली गावरान बियाणी जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्यांना इथली शिदोरी दिसली.

रात्री ओटीवर वनहक्काचं बोलणं झालं. हे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. अभयारण्य १९८६ चं, वनहक्क कायदा त्यानंतरचा, २००६ चा. गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क कायद्यानं दिलाय. गावाच्या नावानं सामूहिक दावाही करता येतो. मला तोच महत्त्वाचा वाटतो. झाड आपलं राहणार याची खात्री असेल, तरच कोणी पोराला डहाळी मोडू नको म्हणून ओरडेल. ग्रामसभेपुढे ठेवायचा दाव्याचा कागद थोरल्या पोरानं मला वाचायला दिला. त्यात हिरड्याचा उल्लेख आहे, चाईचा राहिलाय. तो उद्या घालायचा.