ताळा जमण्याआधीच

बँकेतील नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील एक प्रसंग मला आजही विसरता येत नाही. दिवसअखेर रोकड मोजली, तेव्हा पाच हजार रुपये कमी भरले. सर्वांच्या नजरा तरुण रोखपालाकडे वळल्या, माझीही वळली. शाखाधिकारी एवढेच म्हणाले, "ताळा जमेपर्यंत कुणीही कुणाचे नाव घ्यायचे नाही." रात्री साडेनऊला, रक्कम अदा केलेला एक धनादेश लेजरखाली सापडला. त्याची नोंद राहून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी त्या रोखपालाची क्षमा मागितली.

2020 च्या टाळेबंदीत, गोरेगावच्या घरी बसून, मी हा धडा विसरलो. 14 जूनला अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला आणि वृत्तवाहिन्यांनी स्टुडिओतच न्यायालय भरविले. रोज रात्री नऊला मी दूरदर्शन संचासमोर बसे आणि जेवता जेवता रिया चक्रवर्ती यांना दोषी ठरवून मोकळा होई. सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "अहो, तुम्ही कागद पाहिलेत का?" मी उत्तर दिले नाही, आवाज मात्र वाढविला.

पुढे ऑक्टोबरमध्ये 'एम्स'च्या वैद्यकीय मंडळाने हत्येची शक्यता फेटाळली. 18 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, माध्यमांनी चालविलेले असे खटले न्यायदानात अडथळा आणतात, असे स्पष्ट बजावले. मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. ताळा जमला, पण पाच वर्षांनी. त्या संध्याकाळी मी पाहत असलेल्या वाहिनीवर ती बातमी काही मिनिटांत संपली.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. प्रदीप भिडे यांच्या संयत आवाजातील बातम्या आमच्या पिढीने ऐकल्या. ते माध्यम सरकारी होते, आणीबाणीत तर एकच बाजू दिसे, हे मान्यच केले पाहिजे. तरीही निवेदक बातमी सांगून थांबत. निकाल देत नसत. आज वाहिन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर आणि जाहिरातींचा दर प्रेक्षकसंख्येवर अवलंबून आहे. गावोगावी वार्ताहर नेमण्यास खर्च येतो. चार-सहा जणांना चौकटींत बसवून भांडविणे स्वस्त पडते. या हिशेबात जमेच्या बाजूला माझ्यासारख्या प्रेक्षकाचीच नोंद होते, हे मला फार उशिरा उमगले.

अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या घरात एकान्ताचा एवढा गोंगाट मी रोज पैसे भरून आणला, याची आता खंत वाटते. नऊचा तो कार्यक्रम मी बंद केला आहे. सकाळी दोन वृत्तपत्रे वाचतो आणि तपास अपुरा असेल तर मत राखून ठेवतो.

त्या रोखपालाची क्षमा मागता आली होती, कारण तो शेजारच्या काउंटरवर बसत असे. ज्या मुलीविषयी मी जेवणाच्या ताटावर रोज निकाल दिला, तिची क्षमा कोठे जाऊन मागावी?